आडवाटेवरची दोन चाके

घाटरस्त्याने कुणी सायकलवरून चढताना दिसला, की वाटेवरच्या गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘‘गाडी बिघडली काय, पावणं?’’ आणि अंगावरच्या कपड्यांवरून आपण जरा बऱ्या घरचे वाटलो, तर दुसरा, ‘‘मग यष्टीनं का न्हाई आला?’’ पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देता देता घाट संपतो, पण उत्तर संपत नाही. ज्या चढावर बैलसुद्धा मान टाकतो, तो चढ एक धडधाकट, पोटापाण्याला लागलेला माणूस आपल्या पायांनी आणि आपल्याच खर्चाने का चढतो, हे त्या गावकऱ्याला पटवून देणे कठीण आहे. खरे म्हणजे घरच्या मंडळींनाही ते पटलेले नसते. ती सवयीने गप्प बसलेली असतात, एवढेच.

मला विचाराल, तर माझे कारण अगदी साधे आहे. सायकलवरून डोंगर ऐकू येतो. मोटारीत बसले की तो नुसता दिसतो, आणि तोही काचेपलीकडून. सायकलवर मात्र ओढ्याचा आवाज वळणाच्या आधी कानावर येतो, भातकापणीला बसलेल्या बायांचे बोलणे बांधावरून रस्त्यावर येते, आणि उन्हात तापलेल्या गवताचा वास चढाच्या दमाबरोबर छातीत शिरतो. एका गोष्टीची मात्र गरज असते. रस्त्यावर दुसरी वाहने नकोत. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. सकाळच्या वेळी कारखान्यांकडे आणि कॉलेजांकडे निघालेल्या सायकलींनी रस्ते भरून जात. आज त्याच शहरात सायकल चालवायची म्हणजे गटाराच्या कडेकडेने, जीव मुठीत धरून. तेव्हा निवांतपणा हवा असेल, तर माणसाला शहर सोडावेच लागते.

असा निवांतपणा कुठे मिळतो, ते सांगतो. नकाशा काढून पाहा. पुण्याहून दक्षिणेला साताऱ्याकडे राष्ट्रीय महामार्ग गेला आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. या दोहोंच्या मध्ये जो पट्टा उरतो, त्यात भोर, वाई, मेढा ही गावे येतात. नीरा, कृष्णा आणि वेण्णा या नद्या डोंगरातून निघून पूर्वेकडे वाहतात, आणि प्रत्येक दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक लांब सोंड उतरते. म्हणून इथला उत्तर-दक्षिण प्रवास म्हणजे एक खोरे, एक घाट, पुन्हा एक खोरे, असा चालतो. पायांना हे फारसे रुचत नाही. डोळ्यांना मात्र याच्यासारखी मेजवानी नाही.

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की चार दिवसांची सवड काढून मी आणि माझा पुतण्या या पट्ट्यात उतरलो. पुतण्याच्या खिशातल्या फोनमध्ये सारा नकाशा होता. माझा भरवसा चहाच्या टपरीवर. दोघांचीही माहिती बहुतेक वेळा जुळे. न जुळली, तर टपरीचे खरे ठरे.

या चार दिवसांत मी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली. रस्ता निवांत लागला, की मनात म्हणायचे, ‘हा रिकामा का?’ रस्ता बांधायला पैसा लागतो. खडी, डांबर, मोऱ्या, कठडे हे काही सायकलस्वारांच्या सुखासाठी सरकार करीत नाही. मग कुणासाठी तरी केलेल्या या रस्त्यावर आज कुणीच का नाही? प्रत्येक रस्त्याने याचे वेगळे उत्तर दिले.

पहिला रस्ता भोर ते वाई, मांढरदेवीवरून. कापूरहोळला महामार्ग सोडला, की कानातला घों घों आवाज कमी होत जातो. वाटेत वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण लागते. १९२८ साली पुरे झालेले हे दगडी धरण तेव्हा लॉइड धरण म्हणून ओळखले जाई. भोर हे जुन्या संस्थानाचे गाव. राजवाडा, नदीचा घाट आणि बाजारपेठ पाहून पुढे निघाले, की थोड्याच वेळात रस्ता डोंगराच्या अंगावर चढू लागतो.

मांढरदेवीचे देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४,६०० फुटांवर आहे. घाट चढताना सायकलस्वाराने दोन पथ्ये पाळावीत. एक, वरच्या वळणाकडे पाहू नये. पुढच्या चाकासमोरच्या दहा हातांकडेच पाहावे. दुसरे, सोबत्याला ‘अजून किती?’ असे विचारू नये. पुतण्या फोन पाहून दर पाच मिनिटांनी, ‘‘काका, अजून चार किलोमीटर,’’ असे सांगे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच चार. शेवटी फोन त्याच्या पिशवीत ठेवायला लावला, तेव्हा घाट भराभर सरू लागला.

हा रस्ता रिकामा, कारण मालमोटारींना त्याची गरजच नाही. त्या पूर्वेकडच्या खंबाटकीने जातात. इथे येतो तो देवीचा भाविक. मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेला इथे सायकल आणू नये. २५ जानेवारी २००५ रोजी याच यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक मरण पावले. त्या पायऱ्यांपाशी उभे राहिले, की आज किती शांत आहे, हे म्हणायलाही जीभ रेटत नाही. एरवीच्या बुधवारी मात्र पुजारी, दोनचार दुकानदार, माकडे आणि वारा, एवढीच वस्ती असते.

वाईकडचा उतार लांब आहे. एका अंगाला पांडवगड, खाली कृष्णेचे हिरवे खोरे, पलीकडे पाचगणीचे सपाट माथे. अशा वेळी डोळे रस्त्यावर ठेवणे हीच मोठी तपश्चर्या. नवख्यांनी एक ध्यानात ठेवावे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. चाकाची कड तापते आणि ट्यूब दगा देते. वळणाच्या आधी दाबावे, वळणात सोडावे. मागचा आणि पुढचा, दोन्ही मिळून दाबावे.

वाईबद्दल नव्याने काय सांगावे? ढोल्या गणपती, नदीचे घाट, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोश हे सारे वाचकांना ठाऊक आहे. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा कृष्णेचा घाट, आणि वसईच्या विजयानंतर आणली असे सांगतात ती थोरली पोर्तुगीज घंटा. पुढे धोमला नरसिंहाचे देऊळ आहे. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला असून कासव कमळाच्या आकाराच्या हौदात आहे. इथपर्यंत सहलीच्या मोटारी येतात. खरा निवांत रस्ता सुरू होतो तो यानंतर, धोम धरणाच्या पाण्याच्या कडेने, पश्चिमेला बलकवडीच्या बाजूने थेट जोरपर्यंत. एका अंगाला निळे पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर, समोर कमळगड आणि महाबळेश्वरचे कडे. तासाभरात आम्हाला एक दुधाची मोटारसायकल, एक यष्टी आणि एक म्हशींचा तांडा भेटला. तांड्याने आम्हाला वाट दिली. यष्टीला मात्र आम्ही दिली.

एका पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. रस्ता छान आहे, असे मी सहज म्हणालो. त्यांनी काठीने पाण्याकडे बोट केले.

‘‘ह्यो नवा रस्ता. जुना तितं हाय, खाली. आमचं वावर बी तितंच हाय.’’

मी पाण्याकडे पाहिले. पाणी अगदी स्थिर होते.

‘‘वैशाखात पाणी उतरलं का बांध दिसत्यात,’’ ते म्हणाले. ‘‘म्या जाऊन बगून येतो. नातवंडं हसत्यात. म्हंत्यात, आबा, चिखलात काय बगायचं?’’

दुसऱ्या रस्त्याचे उत्तर मिळाले. धरण झाले, खालचा रस्ता बुडाला, वर नवा काढला, आणि तो पुढे डोंगराला टेकून संपतो. जो रस्ता कुठे जात नाही, त्यावर गर्दी कशाला होईल? धरणाखाली जमीन जाण्याविरुद्ध आपल्याकडचा पहिला मोठा लढा मुळशीला १९२१ साली सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंग भोगला, हे आपण शाळेत वाचले आहे. त्यानंतर सह्याद्रीच्या जवळजवळ प्रत्येक नदीवर धरण झाले. त्याच पाण्याने पूर्वेकडची शेते ओली झाली आणि शहरांत दिवे लागले. हे सारे खरे आहे. सायकलवरून जाताना जो नितळ देखावा आपण डोळे भरून पाहतो, तो कुणाचे तरी वावर आहे, हेही तितकेच खरे आहे.

या खोऱ्यात पावसाळ्यात सायकल घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वाई तालुक्याच्या या डोंगराळ भागात दरडी कोसळून घरे गाडली गेली आणि माणसे दगावली. हिरवाई पाहायची हौस असली, तरी ती भाद्रपदानंतर पुरवावी. कार्तिक ते माघ हे चार महिने सायकलसाठी उत्तम. हवा कोरडी, धबधब्यांची रेघ अजून कड्यावर शिल्लक, आणि पहाटेची थंडी चढाला उपकारक.

तिसऱ्या दिवशी पाचवड, कुडाळ, मेढा असा रस्ता धरला. पहिला टप्पा उसाच्या मुलखातला आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते. मागे दोन दोन ट्रॉल्या जोडलेला, मोळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून येतो, तेव्हा सायकलस्वाराने सरळ खाली उतरून उभे राहावे. त्यात कमीपणा नाही. म्हणून हा टप्पा उजाडता उजाडता उरकावा. कुडाळ सोडले, की ऊस मागे पडतो, भाताची खाचरे आणि नाचणीची उतारावरची शेते लागतात, आणि रस्ता पुन्हा आपला होतो.

ही जावळी. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून घेतली तीच. त्या वेळचे निबिड अरण्य आज उरलेले नाही, पण दुर्गमपणा बराचसा उरला आहे. इथल्या वाड्यांतून जाताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. घरे चांगली होती, कित्येक तर नवी सिमेंटची; पण तीनांतल्या एका दाराला कुलूप. अंगणातल्या तुळशीला मात्र पाणी घातलेले. म्हणजे शेजारीण घालत असणार. जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागातून माणसे मुंबईला जाण्याची परंपरा फार जुनी आहे. कुणी गिरणीत, कुणी बाजारात माथाडी म्हणून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी माणसे परतली नाहीत. दुसऱ्या कामांना लागली. ती येतात गणपतीला, शिमग्याला आणि गावच्या जत्रेला. तेवढे आठ दिवस या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. उरलेले वर्ष तो मोकळा.

मेढ्याच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. टपरी चालवणारी बाई साठीची असेल. पुतण्या उत्साहात तिला म्हणाला, ‘‘आजी, तुमच्याकडे किती शांत आहे हो! आमच्याकडे झोप लागत नाही आवाजानं.’’

आजींनी चहा गाळता गाळता त्याच्याकडे पाहिले.

‘‘तुमाला बरं वाटतंय व्हय, बाळा? माज्या सुनंला रातच्याला कळा आल्या, तवा हितं असंच शांत हुतं. जीप गावायला दोन तास गेलं. आमी रस्त्यावर हुबं राहून आवाज ऐकत हुतो, गाडीचा आवाज येतोय का म्हून.’’

‘‘मग?’’ त्याने विचारले.

‘‘मग काय! झाली नीट बाळंत. पोरगा हाय. मुंबईला शाळंत जातोय.’’ आणि तिने पुढे विचारले, ‘‘साखर आनिक घालू?’’

पुढचे पाच किलोमीटर पुतण्या काही बोलला नाही. मीही नाही. ज्या आवाजापासून पळून आम्ही इथवर आलो होतो, त्याच आवाजाची ती माणसे अंधारात उभी राहून वाट पाहत होती. निवांतपणा हा शब्द मी आयुष्यभर एकाच अर्थाने वापरला. त्याला दुसरी बाजू असते, हे त्या टपरीवर कळले. मेढ्यापासून कण्हेर धरणाच्या पाण्याकाठाने साताऱ्याला जाणारा रस्ता एरवी किती देखणा वाटला असता. त्या दिवशीही तो देखणाच होता. फक्त मी त्याच्याकडे जरा ओशाळून पाहत होतो.

चौथा दिवस साताऱ्याहून कास आणि बामणोलीचा. एकूण पस्तीसेक किलोमीटर. यवतेश्वरचा घाट पहाटे चढावा, कारण उन्हाबरोबर मोटारीही वाढतात. कासचे पठार सुमारे चार हजार फूट उंचीवर आहे. इथल्या तलावाचे पाणी साताऱ्याला जाते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि एका रानफुलांच्या माळाची कीर्ती जगभर झाली. आता भाद्रपद-आश्विनात इथे गाड्यांच्या रांगा लागतात. फुलांचे रक्षण व्हावे म्हणून शुल्क, आगाऊ नोंदणी, माणसांच्या संख्येवर मर्यादा, असे सारे करावे लागले. निवांत जागा फार प्रसिद्ध झाली म्हणजे काय होते, याचा हा धडा. आम्ही गेलो तेव्हा फुले संपली होती, गवत पिवळे पडले होते आणि पठारावर चिटपाखरू नव्हते. फुले नसतानाचे कास पाहायला कुणी येत नाही. सायकलस्वाराने नेमके तेव्हाच यावे. काळा कातळ, वाळके गवत आणि चहूकडून मोकळे आभाळ, एवढ्यावर ते पठार मन भरून टाकते.

कासपुढे रस्ता झाडीतून कोयनेच्या खोऱ्यात उतरतो. सतराअठराशे फुटांची उतरण आहे, आणि हे सारे परत चढायचे आहे, ही जाणीव प्रत्येक वळणावर सोबत करते. शेवटी बामणोली येते आणि रस्ता सरळ पाण्यात जातो. समोर शिवसागर. पलीकडे वासोट्याचा डोंगर.

हा जलाशय कोयना धरणाचा. १९६० नंतरच्या दशकात तो भरला, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने सारा महाराष्ट्र हादरला, ते आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कोयनेच्या विजेने महाराष्ट्रातले कारखाने चालले. खोऱ्यातली गावे उठली; कुणाला सोलापूरकडे, कुणाला सांगलीकडे, कुणाला ठाणे-कुलाब्याकडे जमिनी मिळाल्या. घाटमाथ्याच्या पावसात भात लावणारी माणसे ज्वारीच्या माळावर गेली. जी राहिली, त्यांच्या गावांना रस्ता म्हणजे होडी. आजारी माणूस, शाळेचा मुलगा, तांदळाचे पोते, सारे पाण्यावरून.

धक्क्यावर एक तरुण नावाडी होता. त्याने आमच्या सायकलींचे गिअर मोजले, टायर दाबून पाहिले आणि भाव विचारला. भाव ऐकून तो फक्त ‘‘आरारा!’’ एवढेच म्हणाला. मग मी त्याला विचारले, पलीकडे जायला पूल झाला, तर तुझा धंदा बसेल ना?

‘‘बसंल की,’’ तो हसून म्हणाला. ‘‘पण पूल पायजेल. धंद्याचं बगू काय तरी. म्हातारीला रातचं न्यायचं म्हटलं, तर वाऱ्यात होडी घालवत न्हाई.’’

या गोष्टी सांगायच्या की नाहीत, याचा मी परतीच्या चढावर बराच विचार केला. चढ लांब होता, त्यामुळे विचारालाही वेळ मिळाला. निवांत रस्त्याचे नाव छापले, की तो निवांत राहत नाही, असे माझे सायकलवाले स्नेही म्हणतात. कासकडे पाहिले, तर त्यांचे खोटे नाही. तरीही मी नावे दिली आहेत. कारण एक तर सायकलवरून येणाऱ्या माणसाने रस्ता बिघडत नाही. शंभर सायकली एका घाटातून गेल्या, तरी पक्षी झाडावरून उडत नाही. आणि दुसरे, जो इथवर पायांनी येईल, तो थांबेल, पाणी मागेल, चहा घेईल, दोन शब्द बोलेल. मोटारीच्या काचेपलीकडून हे होत नाही.

तेव्हा याल, तर असे या. मोठ्या गावातून सारे बांधून आणू नका. पोहे, चहा, केळी वाटेवरच्या टपरीतच घ्या. पिशवीत दोन ट्यूब, पंप, ठिगळांची डबी, हातभर दोरी आणि शिट्टी असू द्या. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. रिकामी झालेली तिथे टाकू नका. संध्याकाळी पाचनंतर घाटात राहू नका. यष्टी आली, की कडेला उभे राहा. त्या रस्त्यावर तिचा हक्क पहिला आहे. आणि कुणी विचारले, यष्टीने का नाही आलात, तर उत्तर देत बसू नका. तुमच्या गावाला यष्टी किती वेळा येते, हे त्यांना विचारा. पुढचे ते सांगतील.

बामणोलीच्या पलीकडे पूल झाला, म्हणजे त्या उतारावरून जीपगाड्या, मालमोटारी आणि रात्रीबेरात्री रुग्णवाहिका धावतील. झाडीतली ती शांतता राहणार नाही. मला तेव्हा दुसरी वाट शोधावी लागेल. ती शोधायला मला काही वाटणार नाही. पुतण्याने तर पाटणच्या बाजूचा नकाशा आत्ताच उघडून ठेवला आहे.